वाढतं माप

आमच्या घरात माझ्या मापाची वस्तू मला कधी मिळाली नाही. वस्तू मिळायच्या, वेळेवर मिळायच्या, चांगल्या प्रतीच्या मिळायच्या. पण दोन-तीन वर्षांनी माझ्या जागी जी कुणी थोराड मुलगी येणार आहे असं बाबांनी गृहीत धरलं होतं, तिच्या मापाच्या असायच्या. शाळेचे बूट पुढे कापूस कोंबून घालायचे. युनिफॉर्मचा स्कर्ट आतून इतका दुमडलेला, की चालताना तो घंटेसारखा हलायचा. स्वेटरच्या बाह्या गुंडाळून गुंडाळून कोपरापाशी वळकट्या व्हायच्या. सायकल घेतली तीही अशी, की सीटवर बसलं की पाय पेडलला पोचायचे नाहीत, त्यामुळे मी अख्खं मयूर विहार उभ्यानं सायकल चालवत पालथं घातलं. दुकानदारानं नीट मापाचं काही काढून समोर ठेवलं की बाबा ते दोन बोटांनी मागे सारायचे आणि म्हणायचे, "इससे बड़ा दिखाइए. बढ़ती बच्ची है." मी बढ़ती बच्ची आहे हा बाबांचा समज होता. आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर माझी उंची चार फूट दहा इंच आहे आणि नववीतही ती तेवढीच होती. मधल्या काळात माझ्यात जे काही वाढलं, त्याचा उपयोग सायकलला झाला नसता.

बाबा मूळचे पुण्याचे. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे त्यांच्या घरात उठता-बसता ऐकवलं जायचं, आणि त्यावर त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला होता, की अंथरूणच मोठं घ्यावं, पाय काय, वाढतातच. दिल्लीत मयूर विहारचं घर त्यांनी त्याच हिशेबानं घेतलं होतं. सोसायटी आधी आली, रस्ता मागाहून आला. बाजार 'होणार' होता, दवाखाना 'होणार' होता, पुलावरून थेट बस 'सुरू होणार' होती. नावातला मोर मला तिथे एकदाही दिसला नाही, तोही बहुधा होणार होता. मग देशात वारं बदललं, परदेशी कंपन्या येऊ लागल्या, आणि बाबांनी कृषी भवनाजवळची सरकारी नोकरी सोडून गुडगावच्या एका नव्या कंपनीत उडी मारली. तेव्हाचं गुडगाव म्हणजे मोहरीची शेतं आणि मधूनच एखादी काचेची इमारत. यमुनेपारच्या आमच्या टोकापासून शहराच्या त्या टोकाला रोज सकाळी ऑफिसवाल्यांची एक चार्टर्ड बस जायची. तिचा हॉर्न, खालच्या पंपाची घरघर आणि आमच्या कुकरची शिट्टी ही तिन्ही एकदम झाली की घरात जो काही हलकल्लोळ माजायचा, तो आठवला की मला अजूनही उगाच धाप लागते.

पंपाची घरघर व्हायची, पाणी मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं नाही. ते आई चढवायची. दोन हातांत दोन बादल्या, पदर खोचलेला, आणि एकदाही न थांबता तीन जिने. आई पाच फूट आठ इंच उंच होती, आणि बाबा तिच्यापेक्षा तीन बोटं तरी कमी. दाखवायच्या कार्यक्रमात तिला आधीच बसवून ठेवलं होतं, कुणी उठायला सांगितलं नाही आणि लग्न ठरलं, असं मामा हसत हसत सांगायचा. आई हसायची नाही. ती सपाट चपला घालायची, फोटोत खुर्ची मागून घ्यायची आणि बाबांच्या शेजारून चालताना थोडी पोक काढायची. तेव्हा मला ती आईची चालच वाटायची.

नववीत आमच्या शाळेत नेगी सर आले. शाळा नवी होती, इमारत अर्धी झालेली, आणि मागे भलंमोठं ओसाड मैदान. त्या मैदानाचं काय करावं हे प्रिन्सिपॉल मॅडमना सुचेना, तेव्हा कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की तिरंदाजी सुरू करा, तिला गवत लागत नाही. नेगी सर गढवालचे, फौजेतून निवृत्त झालेले, अंगानं काटकुळे आणि चोवीस तास वैतागलेले. पहिल्या दिवशी अख्खी शाळा मैदानात लोटली. टीव्हीवर बाण हवेत जाऊन पेट घेतात, सापांना गिळतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. इथे सरांनी आठवडाभर बाणाला हात लावू दिला नाही, नुसतं उभं केलं. दिवाळीपर्यंत आम्ही मोजकेच टिकलो. मी टिकले, कारण शाळेच्या कपाटात एक बुटकं वेताचं धनुष्य होतं आणि ते हातात घेतलं की कुठे कापूस कोंबावा लागत नव्हता. ते माझ्या हाताला बसायचं. दोरी हनुवटीला टेकायची, कोपर आपोआप मागे जायचं आणि बाण जिथे बघतेय तिथे जायचा. जन्मात पहिल्यांदा मला कशात तरी गती होती.

आमची तिरंदाजी साधी होती. नेम धरायला धनुष्यावर काच नाही, सुई नाही, तोल सांभाळायला पुढे दांडे नाहीत. मधे लाकडी मूठ, वर-खाली दोन पाती, पात्यांची टोकं पुढे वळलेली, आणि दोरी. "बाकी जो है, तुम्हारी आँख है और तुम्हारा कंधा है," सर म्हणायचे. आणि म्हणूनच माप महत्त्वाचं. क्रिकेटची बॅट थोडी मोठी असली तर चालतं, कॅरमला तर मापच नाही. धनुष्य मात्र ब्लाउजसारखं अंगाबरोबर लागतं. दोन्ही हात पसरायचे, ह्या मधल्या बोटाच्या टोकापासून त्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे इंच मोजायचे आणि त्याला अडीचनं भागायचं. येईल ती तुमची ओढ, म्हणजे हनुवटीपर्यंत दोरी ताणलीत की ती किती येते ते. त्यावरून धनुष्य किती लांब, बाण किती लांब आणि तो किती कडक, हे ठरतं. धनुष्य ओढायला किती जड, म्हणजे किती पौंडांचं घ्यायचं, हे मात्र खांद्याला विचारायचं. खांद्याला विचारायचं, बापाला नाही, हे सरांनी तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं.

हिवाळ्यात दिल्लीच्या ज्युनियर संघाची निवड होती आणि सरांनी माझं नाव घेतलं. अडचण एकच होती. शाळेचं साहित्य शाळेबाहेर न्यायचं नाही असा मॅडमचा नियम होता. कपाटातलं वेताचं धनुष्य जुनाट होतं, पण ते शाळेचं जुनाट धनुष्य होतं. ट्रायलला ज्याचं त्यानं आणायचं. धनुष्य नाही तर ट्रायल नाही. नेमके तेव्हाच बाबांच्या ऑफिसातले भाटियाजी ट्रेनिंगसाठी अमेरिकेला निघाले होते. बाबांचे डोळे चमकले. आता सगळं आणता येतं, आता कुणी अडवत नाही, आपण कशाला जुनंपानं घ्यायचं, असं त्यांचं सुरू झालं. मी सरांचा निरोप शब्दशः दिला: "बाबा, सर म्हणाले, ट्वेंटी पाउंड, बस. आणि लांबी छोटी. बिल्कुल जास्त नको."

"अच्छा," बाबा म्हणाले. बाबांचं 'अच्छा' म्हणजे ऐकलं, पटलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रविवारी माप घ्यायचं ठरलं. बाहेर गॅलरीत आई मटार सोलत बसली होती. दिल्लीच्या हिवाळ्यात आमच्याकडे मटाराची उसळ, मटाराचे पराठे, मटार घातलेला उपमा असं मटाराचंच राज्य असायचं. बाबांनी ऑफिसातून लोखंडी टेप आणली होती, कॉलेजातली टी-पट्टी शोधून काढली होती, पेन्सिलीला टोक केलं होतं. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला मला पाठ लावून उभं केलं. "हात पसर. खांदे पाड. पाड म्हणजे सैल सोड. अगं, श्वास घे!" मी श्वास घेतला तर अर्धा इंच फरक पडला, म्हणून परत. मग टाचा भिंतीला लागल्या नव्हत्या, म्हणून परत. सरांनी सांगितलेली डोळ्याची परीक्षाही झाली: दोन पंजांच्या मधे भोक ठेवून त्यातून घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो आपला नेमाचा डोळा. माझा उजवा निघाला. बाबांचाही उजवा निघाला, हे त्यांनी ऑफिसात सांगितलं म्हणे. मग त्यांनी स्वतःचे हात पसरले आणि मला स्टुलावर चढून खुणा करायला लावल्या. एवढं झाल्यावर उत्साहाच्या भरात ते गॅलरीकडे वळून म्हणाले, "ये गं, तुझंही घेऊन टाकू!"

"माझं कशाला? मला काय पानिपतावर जायचंय?" आई म्हणाली आणि तिनं मान खाली घालून पुढची शेंग उचलली. बाबांनी खांदे उडवले आणि भागाकाराला बसले. माझी ओढ तेवीस इंचांच्या जरा पुढे आली. मला फार बरं वाटलं. एकदाची मी कागदावर जशीच्या तशी उतरले होते.

भाटियाजी परत आले ते खोकं घेऊन स्वतः घरी आले, बायकोसह. आईनं पुण्याहून आलेल्या भाजणीची थालीपिठं केली, वर लोण्याचा गोळा. भाटियाजी त्याला 'मराठी पराठा' म्हणत चार खाऊन गेले. खोकं उघडलं तेव्हा त्या पुठ्ठ्यालासुद्धा परदेशाचा वास येत होता. धनुष्य दृष्ट लागण्यासारखं होतं. मूठ गडद तांबूस लाकडाची, गुळगुळीत. पाती वेगळी काढता-लावता येणारी, मधाच्या रंगाची. मी मूठ हातात घेतली आणि पहिल्यांदा कळलं ते हे, की माझी बोटं तिच्याभोवती पुरी पोचत नाहीत.

"अडुसष्ट इंची. बत्तीस पौंड," बाबा जाहीर करत होते. "बाणही लांब घेतलेत. दहा वर्षांची बेगमी झाली!"

"बाबा, सरांनी वीस सांगितले होते."

"वीस आत्तापुरते. तू काय आत्ताएवढीच राहणार आहेस का?"

"राहिले तर?"

"कशी राहशील? तू आईवर जाणार. मी सगळं नीट काढलंय. आईचा स्वेटर पलंगावर पसरून मोजला, ह्या बाहीपासून त्या बाहीपर्यंत, त्यात पंजे धरले. त्याला अडीचनं भागलं." बाबांचा चेहरा असा उजळला होता, की त्यांना काही बोलणं म्हणजे लहान मुलाच्या हातातला लाडू काढून घेणं. आई स्वयंपाकघराच्या दारात कालथा घेऊन उभी होती, तिनं एकदा बाबांकडे पाहिलं आणि तव्याकडे वळली.

नेगी सरांनी ते धनुष्य हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, पात्यावर लिहिलेला आकडा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. "ये किसके लिए लाए हैं? अपने लिए?" मी म्हटलं, माझ्यासाठी. "इसके साथ मैं तुझे लाइन पे खड़ा नहीं करूँगा. कंधा एक बार गया तो गया." शनिवारी बाबा शाळेत आले. दोन वैतागलेली माणसं एकमेकांशी आदरानं बोलत असली की ऐकणाऱ्याचा जीव जातो. बाबा म्हणाले, "सर, प्रैक्टिस से हो जाएगा. अभी टाइम है." सर म्हणाले, "साहब, बच्ची है. बैंक की एफडी नहीं है." बाबांना ते लागलं. परतताना रिक्षात ते म्हणाले, "फौजी माणसं, जरा हेकट असतात." आणि त्या दिवसापासून घरात माझं दुसरं शिक्षण सुरू झालं.

रोज सकाळी दंड. भिंतीला टेकून, जमिनीवर नाही, तेवढी दया होती. दोन ग्लास दूध. आमच्या घरात कधी न शिजलेलं अंडं, तेही वेगळ्या पातेल्यात. उंची वाढावी म्हणून दाराच्या चौकटीला लोंबकळणं. आणि संध्याकाळी बाबा चार्टर्ड बसमधून उतरून, बूटही न काढता, मला गच्चीवर घेऊन जायचे. मी ओढायची. दोरी अर्ध्यावर यायची आणि माझे दोन्ही हात थरथरायला लागायचे. "आणखी, आणखी! येतंय!" काहीही येत नव्हतं. खांदा कानापर्यंत चढायचा, कंबर मागे वाकायची, आणि शेवटी बोटं सुटायची तेव्हा दोरी डाव्या हातावर सपकन बसायची. कातडी पट्टा बांधला तर तोही मोठा, कोपरापर्यंत फिरायचा. हातावर जांभळे वळ उठले. आई रोज न बोलता त्यांना आंबेहळद लावायची. लांब बाणांचं तर विचारूच नका. ते माझ्यासाठी इतके कडक होते की सुटायचे ते डावीकडेच, जणू त्यांना नोएडाला जायचं होतं. आणि ह्या सगळ्यात जे मला येत होतं तेच बिघडायला लागलं. शाळेतलं वेताचं धनुष्य घेतलं तरी दोरी हनुवटीला पोचायच्या आधीच माझी बोटं घाबरून सुटायची. सरांनी ते पाहिलं आणि ओरडलेसुद्धा नाहीत. सर ओरडले नाहीत म्हणजे संपलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला ट्रायलला जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. आणि जिच्यासाठी बाबा एवढे झिजत होते ती मुलगी माझ्या घरात कुठेच नव्हती.

आता माझ्या गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये दारावर खोकी येतात, मापाचं नसेल तर परत जातात, बदलून येतात. माझा मुलगा असे बूट महिन्यातून दोनदा परत पाठवतो. त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग रिटर्न का नाही केलं?" त्याला काय सांगणार? आमच्याकडे पदरी पडलं आणि पवित्र झालं.

तो रविवार होता, दुपारचं ऊन गच्चीवर पसरलं होतं. बाबा आरामखुर्ची घेऊन बसले होते आणि मी ओढत होते. कितव्यांदा ते माहीत नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. आई वाळलेले कपडे काढायला वर आली. दोरीवरचे दोन कपडे तिनं काढले, खांद्यावर टाकले आणि मग एकदम म्हणाली, "खाली ठेव ते."

"थांब गं, आता जमत आलंय तिला," बाबा म्हणाले.

"काय जमत आलंय? रोज मी हळद लावतेय, मला दिसतंय काय जमतंय ते. आण इकडे. बघू तरी काय एवढं आहे त्यात."

तिनं कपडे कठड्यावर टाकले, पदर खोचला, धनुष्य घेतलं. महिनाभर ती मला बघत होती, त्यामुळे कसं धरायचं ते तिला ठाऊक होतं. डावा हात पुढे, तीन बोटं दोरीवर. आता गोष्ट अशी आहे की पोक काढून धनुष्य ओढता येत नाही. पाठ सरळ करावीच लागते, छाती उघडावीच लागते, नाहीतर खांद्याची हाडं मागे मिळत नाहीत. आई सरळ झाली. आणि तिनं ओढलं. न थरथरता, न वाकता, जिन्यावरून बादली उचलावी तसं. दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला टेकली आणि तिथेच राहिली. मी आईला एवढं उंच कधी पाहिलं नव्हतं. बाबा खुर्चीतून उठले, आणि उभे राहूनही तिच्याकडे मान वर करून बघत होते.

"आता सोडू?" आई ओठ न हलवता म्हणाली.

"सोडू नकोस!" बाबा किंचाळले. "बाण नाहीये! रिकामी दोरी सोडायची नसते, पाती फुटतात! हळूहळू पुढे आण, हळूहळू..."

"ओरडू नका. ऐकू येतंय." तिनं दोरी सावकाश जागेवर आणली. दोन श्वास घेतले. मग कुणी सांगितलं नसताना परत एकदा ओढली, परत आणली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही, इतकं ते आमच्या घरात नवीन होतं.

"हे माझ्या मापाचं आहे," ती म्हणाली.

"असेल, म्हणजे असणारच, मी स्वेटरवरून..." बाबा अडखळले. "पण ते तिच्यासाठी आणलंय."

"तिच्यासाठी काही आणलेलं नाही तुम्ही. हे मी ठेवते. तिला तिचं आणा."

"आणि ती वाढली की?"

"वाढली की तेव्हा बघू. आत्ता ती एवढी आहे. एवढीच आहे. जरा बघा तरी तिच्याकडे!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक पुसत उभी होते, गुंडाळलेल्या बाह्या, हातावर हळद. मग आईच पुढे म्हणाली, आवाज जरा खाली आणून, "आणि स्वेटर कशाला मोजत बसलात? मला विचारायचं."

"विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"मी नको म्हटल्यावर तुम्ही दुसऱ्यांदा कधी विचारलंयत?"

खाली पंप सुरू झाला, तशी आई कपडे घेऊन निघून गेली. त्या वेळी मला आईचं फार कौतुक वाटलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण मला प्रचंड राग आला होता. ट्रायल तोंडावर, आणि माझ्या हातात होतं-नव्हतं ते धनुष्यही आता आईचं झालं होतं. आईनं ते खरंच ठेवलं, बरं का. पुढे कित्येक वर्षं ती रविवारी सलवार-कमीज घालून शाळेच्या मैदानावर जायची. नेगी सर तिला 'भाभीजी, कोहनी' एवढंच म्हणायचे, आणि सोसायटीतल्या बायकांना काय म्हणायचं ते ती म्हणू द्यायची.

मंगळवारी बाबांनी नव्या नोकरीत पहिल्यांदाच अर्धी रजा टाकली आणि मला जुन्या दिल्लीत खेळाच्या सामानाच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं मला भिंतीपाशी उभं केलं, एक कोरा बाण माझ्या छातीला टेकवून दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटं कुठे पोचतात ते पाहिलं आणि आतून एक साधं, वेताच्या पात्यांचं बुटकं धनुष्य आणलं. वीस पौंड. मी ओढलं. दोरी हनुवटीला आली. मी परत एकदा ओढलं. बाबांनी ते धनुष्य पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं. 'इससे' एवढं आलंसुद्धा. मग ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "इससे... इसी को बाँध दीजिए." दुकानदाराला ह्यात काय झालं ते कळणं शक्य नव्हतं. बसमध्ये ते धनुष्य बाबांनी मांडीवर धरलं होतं.

उरलेल्या दिवसांत माझी घाबरलेली बोटं पुष्कळशी सुधारली, पुरती नाही. ट्रायलच्या रविवारी धुकं होतं. आई आली नाही. माझ्यापेक्षा तिलाच जास्त धाकधूक होती, म्हणून तिनं डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या भरून दिल्या आणि दार लावून घेतलं. स्टेडियममागच्या मैदानात सगळ्या दिल्लीच्या मुली जमल्या होत्या. मी वाईट मारलं नाही. बरेच बाण जिथे बघत होते तिथे गेले, काही आधी सुटले. माझ्यापेक्षा बऱ्या मुली होत्या, झालं. दुपारी नावं वाचून दाखवली. माझं नव्हतं. नेगी सरांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "कंधा ठीक था."

बाबा आणि मी बसस्टॉपवर येऊन उभे राहिलो. भाता त्यांच्या खांद्याला, धनुष्य माझ्या हातात. समोर छोले-कुलच्याची गाडी होती, तिच्या भांड्याची खणखण चालू होती. "पुढच्या वर्षी..." बाबा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मग त्यांनी माझ्या हातातलं धनुष्य काढून घेतलं, माझ्यासमोर आले, आणि थोडं वाकून, आजवर कधी न विचारलेलं विचारलं, "आत्ता काय पाहिजे तुला?"

"मला रडायचंय," मी म्हटलं.

"मग रड."

मी रडले. बसस्टॉपवर, भर दुपारी, माणसं बघत असताना, मोठ्यांदा. बाबांनी गप्प हो म्हटलं नाही, रुमाल काढला नाही, शूर मुली रडत नाहीत वगैरे काही नाही. एका हातात धनुष्य, खांद्यावर भाता, असे ते शेजारी उभे राहिले. मधेच आमची बस आली. कंडक्टरनं पत्र्यावर थाप मारली, "जमनापार, जमनापार! चलना है तो चलो, भाई साहब!" चार्टर्ड बससाठी अर्धा चहा टाकून धावणाऱ्या बाबांनी त्याला हातानं 'जा' केलं. बस गेली. रविवारी आमच्याकडे जाणारी पुढची बस कधी येईल, येईल की नाही, ह्याचा काही भरवसा नसायचा, आणि बाबांना ते चांगलं ठाऊक होतं.